संगणकातलं जुनं ऑफिस : बुडख्यासकट काढा



खोडवा मोडून दुसरं पीक घ्यायचं तर आपण नुसता ऊस तोडून थांबत नाही. नांगर घालून बुडखे वेचतो. बुडखा राहिला की जुना फुटवा नव्या पिकात डोकं काढतो. संगणकातल्या ऑफिसचं, म्हणजे वर्ड-एक्सेलचंही तसंच आहे. आता सोसायट्यांत, दूध संस्थांत आणि पुष्कळ सभासदांच्या घरी संगणक आले आहेत. म्हणून आधी आमचीच चूक सांगतो.

आमच्या एका गट ऑफिसात एकाच संगणकावर 2003 चं आणि नवं अशी दोन ऑफिसं होती. 2003 चं एक्सेल 'एक्सएलएस' साच्यात फाईल ठेवतं, 2007 पासूनचं 'एक्सएलएसएक्स' साच्यात. ऊसनोंदीच्या एकाच नावाच्या दोन फायली झाल्या. नावाचं हे शेपूट विंडोजमध्ये सहसा दिसत नाही. लागण तारखांची दुरुस्ती एकीत झाली आणि तोडीची यादी दुसरीतून छापली गेली! एका सभासदाने वेळेवर चूक दाखवली म्हणून निभावलं. नाहीतर पक्व ऊस फडात वाळत राहिला असता.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. जुन्या साच्यात 65,536 ओळीच मावतात, नव्यात 10,48,576. इंग्लंडमध्ये 2020 साली याच मर्यादेपायी करोनाच्या 15,841 रुग्णांची नोंद रोजच्या आकड्यांत वेळेवर आली नाही.

तेव्हा पुढील क्रमाने काम करावे :

1. ऑफिस काढल्याने फायली जात नाहीत; तरीही सर्व फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. नव्या ऑफिसची प्रॉडक्ट की किंवा खात्याचा पासवर्ड लिहून ठेवावा.

2. पडद्यावरचा आयकॉन पुसला म्हणजे ऑफिस गेलं असं नव्हे. कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रॅमच्या यादीतून जुनं ऑफिस 'अनइन्स्टॉल' करावं आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

3. तरी अवशेष राहिले तर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरील काढण्याची मोफत सोय वापरावी. रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नये.

4. 32-बिट आणि 64-बिट ऑफिस एका संगणकावर नांदत नाहीत. जुनं 32-बिट शिल्लक असेल तर नवं 64-बिट बसायलाच नकार देतं. हिशेबाच्या प्रणालीला कोणतं चालतं हे आधी विचारून एकच बसवावं.

5. जुन्या फायली नव्यात उघडून 'सेव्ह अ‍ॅज'ने नव्या साच्यात ठेवाव्यात. ओळी आणि बेरजा ताडून पाहाव्यात, मगच जुन्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये टाकाव्यात.

6. जुने मराठी फॉन्ट मात्र काढू नका. काढले तर त्यांत टाइप केलेल्या मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील.

"चालतंय की अजून," असं कोणी म्हणेल. पण 2003 च्या ऑफिसची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजी, तर 2016 आणि 2019 ची 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाली. त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत.

एका नोंदीची एकच फाईल असावी, हे आम्ही ठेच लागून शिकलो. आणि तोडीच्या यादीत आपली लागण तारीख प्रत्येक सभासदाने स्वतः डोळ्यांनी पाहावी. संगणकात आलं म्हणजे बरोबरच, असं धरून चालू नये.