वायुदलाचा अधिकारी कसा घडतो?

सांबऱ्याच्या केंद्रामुळे बेळगावकरांना वायुदलाचा गणवेश परिचित आहे. तथापि एक गैरसमज दूर करावयास हवा. सांबऱ्यास एअरमनचे शिक्षण होते. अधिकारी घडतात ते हैदराबादजवळील दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत. तिची कोनशिला १९६७ साली राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांनी बसविली.

तेथे जाण्याचे प्रमुख मार्ग दोन. पहिला बारावीनंतर एन.डी.ए.चा. खडकवासल्यास तीन वर्षे काढून छात्र दुंडिगलला जातो. २०२२ पासून मुलींनाही हा मार्ग खुला आहे. दुसरा मार्ग पदवीधरांसाठी, ‘अ‍ॅफकॅट’ परीक्षेचा. कला शाखेचा पदवीधरही वैमानिक होऊ शकतो. मात्र बारावीला गणित व पदार्थविज्ञान हवेत, आणि प्रत्येकात निदान ५० टक्के गुण. म्हणून अकरावीत गणित सोडताना दहादा विचार करावा.

लेखी परीक्षेनंतर निवड मंडळ. असे एक मंडळ म्हैसूरला आहे. तेथे मानसशास्त्रीय चाचण्या, मुलाखत व गटकार्य असते. फळ्या व दोर देऊन गटाला अडथळा ओलांडावयास सांगतात. तेथे आरडाओरड उपयोगी पडत नाही. सोबत्यांना पार नेणारा निवडला जातो. वैमानिकाची अभियोग्यता चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते. ती हुकली तरी भूशाखांचे दार उघडे राहते.

दुंडिगलला पिलाटस विमानावर प्रथम प्रशिक्षक मागे बसतो. मग एके दिवशी ते आसन रिकामे असते. मित्रहो, त्या दिवशी लागणारी शिस्त आयत्या वेळी अंगी येत नाही. तिची सुरुवात आजच्या तासापासून होते.