श्रद्धावंत आणि नास्तिक यांचे सहकार्य : पोलंडचा अनुभव

ईश्वर मानणारे आणि न मानणारे यांनी एकत्र काम करावयाचे, तर आधी त्यांच्यातील तात्त्विक वाद मिटला पाहिजे, असा एक समज आहे. पोलंडमधील अनुभव याहून वेगळा आहे.

२५ जून १९७६ रोजी खाद्यपदार्थांच्या भाववाढीविरुद्ध राडोम, उर्सुस व प्वोत्स्क येथील कामगारांनी संप केला. कम्युनिस्ट सरकारने भाववाढ मागे घेतली. परंतु संपकऱ्यांच्या वाट्याला मारहाण, बडतर्फी व तुरुंगवास आला. त्यांच्या साहाय्यार्थ सप्टेंबर १९७६ मध्ये कामगार संरक्षण समिती स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत यात्सेक कुरोन हे निरीश्वरवादी होते, तसेच यान झ्येया हे वृद्ध कॅथलिक धर्मगुरूही होते. पीडित कुटुंबांना पैसे पोचविणे, वकील मिळवून देणे आणि अन्यायाची नोंद प्रसिद्ध करणे, हे समितीचे कार्य होते.

हे सहकार्य सोपे नव्हते. डाव्यांच्या दृष्टीने चर्च हा प्रतिगामित्वाचा बालेकिल्ला होता. कार्डिनल विशिन्स्की यांना १९५३ ते १९५६ या काळात स्थानबद्ध ठेवणारी राजवट श्रद्धावंत विसरले नव्हते. मात्र मार्च १९६८ मध्ये पोलिसांनी विद्यार्थ्यांना झोडपले, तेव्हा संसदेत सरकारला जाब विचारला तो ‘झ्नाक’ या कॅथलिक गटाच्या सभासदांनी. या अनुभवाच्या आधारे, चर्चविषयीची आपली जुनी दृष्टी तपासून पाहा, असे आवाहन आदाम मिख्निक यांनी डाव्यांना केले. त्यांचा हा ग्रंथ १९७७ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी मे महिन्यात मिख्निक व कुरोन तुरुंगात होते. त्यांच्या व कामगारांच्या सुटकेसाठी वॉर्सा येथील सेंट मार्टिन चर्चमध्ये श्रद्धावंत व अश्रद्ध यांनी मिळून सुमारे आठवडाभर उपोषण केले. कॅथलिक संपादक तादेउश माझोव्येत्स्की त्यांचे प्रवक्ते होते. जुलैमध्ये सर्वांची मुक्तता झाली. पुढे १९८९ मध्ये माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले, तेव्हा कुरोन त्यांच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री होते.

मतभेद संपले नाहीत. १९९३ च्या गर्भपातविषयक कायद्याने तर ते तीव्र झाले. तरीही १९७६ चे कार्य त्यामुळे फोल ठरत नाही. तुरुंगातील कामगाराच्या घरी चूल पेटली पाहिजे, एवढ्यावर त्यांचे एकमत होते. ईश्वराच्या अस्तित्वावर ते होण्याची त्यांनी वाट पाहिली नाही.