ड्रॉइंग हातात घेण्याआधी

बाळा, संरक्षणाच्या कामात शिरायचं ठरवलंयस, ते मला मनापासून आवडलं. कुंभकोणमच्या आपल्या शेडमध्ये दोन सीएनसी आहेत, हाताखाली जाणते कारागीर आहेत आणि तिरुची फार लांब नाही. तामिळनाडूच्या संरक्षण औद्योगिक कॉरिडॉरची सुरुवात 20 जानेवारी 2019 रोजी तिरुचीतच झाली. चेन्नई, होसूर, सेलम, कोइम्बतूर आणि तिरुची ही त्याची पाच केंद्रं. त्यांत कुंभकोणम नाही, म्हणून हिरमुसू नकोस. शेड कुठे आहे यावरून काम मिळत नाही. सुट्या भागांच्या तपासणीच्या टेबलापाशी माझा जन्म गेला. तिथून जे दिसलं ते सांगतो.

वर्तमानपत्रातला करार वाचून मशीनसाठी कर्ज काढू नकोस. 2023 च्या जूनमध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि अमेरिकेची जीई यांनी एफ-414 इंजिन भारतात बनवण्यासाठी सामंजस्य करार केला आणि त्या आठवड्यात मला किती फोन आले! सामंजस्य करार म्हणजे बोलणी सुरू झाली, एवढंच. तेजससाठी एफ-404 जातीच्या 99 इंजिनांची ऑर्डर 2021 सालीच दिली होती, तरी पहिलं इंजिन आलं 2025 च्या मार्चमध्ये. थांबलेली उत्पादनसाखळी पुन्हा उभी करायला एवढा वेळ लागतो, आणि तो मोठ्या कंपन्यांना परवडतो. तुझा हप्ता मात्र दर महिन्याला जातो. म्हणून आज जे काम हातात आहे, पंपाचं असो, मोटारीच्या भागांचं असो, ते सोडायचं नाही. नवीन काम त्याच्या शेजारी वाढू दे.

संधी नेमकी कुठे असते ते बडोद्याकडे बघून कळेल. सर टी. माधवराव आपल्या कुंभकोणमचे, आपल्यासारखेच तंजावरी मराठी, आणि बडोद्याचे दिवाण. त्या बडोद्यात आज टाटा आणि एअरबस मिळून सी-295 ही मालवाहू विमानं बांधतात. 2021 च्या करारातल्या 56 विमानांपैकी 16 तयार यायची, उरलेली 40 तिथे बांधायची. विमान टाटा बांधणार, एअरबस शिकवणार. पण सरकारने सांगितलं होतं की 13,400 हून जास्त सुटे भाग आणि 4,600 उपजोडण्या भारतात होतील. मोठ्यांच्या भागीदारीत तुझी जागा त्या सुट्या भागांत आहे, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. तिथे उभं राहण्यात काही कमीपणा नाही.

आणि तिथे जायचं तर सगळं करतो म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. एक प्रक्रिया धर. आपल्याकडे ओतकामाचं ज्ञान हवेत आहे, त्याचा विचार कर. आठ-नऊ किलोमीटरवर स्वामीमलै. तिथले स्थपती मेणात राळ आणि तेल मिसळून मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाचा बारीक लेप देतात, मग जाड माती, मग भट्टी. मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत पंचरसी धातू उतरतो. जेट इंजिनाच्या टर्बाइनचं पातं याच तत्त्वावर ओततात. मातीच्या जागी सिरॅमिकचे थर आणि पंचरसीच्या जागी निकेलचा मिश्रधातू, तोही निर्वातात. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने एकस्फटिकी पाती तयार करून 2021 मध्ये त्यांतली 60 हिंदुस्थान एरोनॉटिक्सला हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी दिली. म्हणजे हे काम या देशात होतं. पण स्वामीमलैत साचा फोडतात आणि तशी मूर्ती पुन्हा होत नाही, हा तिचा मान. पात्याच्या कामात शंभरावा नग पहिल्यासारखा निघाला नाही तर शंभरही परत येतात. हाताचं कसब आणि तेच तेच अचूक करण्याची शिस्त एका शेडखाली आणणं, हेच खरं काम. स्वामीमलैचा एखादा तरुण ओतारी तुझ्याकडे आला तर त्याला मेणाच्या खोलीत बसव आणि त्याच्या शेजारी मापं नोंदवणारी डिप्लोमाची मुलगी बसव. पात्यांपर्यंत लगेच जाऊ नकोस. व्हॉल्व्हच्या बॉडी, ब्रॅकेट, छोटी हाउसिंग, इथून सुरुवात कर.

आता कागद. तपासणीत मी बघितलेले बहुतेक रिजेक्शन मापामुळे नव्हते, कागदामुळे होते. नग चांगला, पण तो कुठल्या हीट नंबरच्या सळईतून कापला ते कोणी सांगू शकत नव्हतं. एकदा तर माझ्यासमोर एका मोठ्या गिऱ्हाइकाने पूर्ण लॉट परत पाठवला, कारण गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरातला रामानुजन पाटीवर गणित करायचा आणि वहीत फक्त उत्तर उतरवायचा. केंब्रिजला हार्डीने त्याच्याकडे सिद्धता मागितल्या. तुझ्याकडेही पहिल्या दिवसापासून मागतील. त्यामुळे एएस 9100 या विमानउद्योगाच्या दर्जा-मानकाची तयारी ऑर्डर आल्यावर नाही, आज सुरू कर. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, वेल्डिंग अशा कामांना परदेशी गिऱ्हाईक नॅडकॅपची मान्यता मागतं. ती परवडत नसेल तर मान्यता असलेल्याकडूनच करून घे, ओळखीच्या भट्टीत स्वस्तात नको. चाचणी एनएबीएलच्या प्रयोगशाळेतली हवी.

ड्रॉइंगबद्दल कडक बोलतो. परदेशी भागीदाराचं ड्रॉइंग तुझ्या हाती आलं तरी ते तुझं नसतं. अमेरिकी ड्रॉइंगवर आयटारचे, म्हणजे त्यांच्या शस्त्रनिर्यातीचे, नियम लागू असतील तर परवानगीशिवाय ते दुसऱ्या जॉबवर्कवाल्याला दाखवणंही गुन्हा. ऑकस या संरक्षण करारामुळे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाला 2024 च्या सप्टेंबरपासून त्या नियमांत मोठी सूट मिळाली. आपल्याला तशी नाही. 2018 मध्ये अमेरिकेने आपल्याला व्यापारी परवान्यांची वरची पायरी दिली, पण ती वेगळी गोष्ट. आपल्या बाजूने स्कोमेटची, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची, यादी आहे. भाग बाहेर पाठवायचा तर आधी ती तपासायची. पोरं मशीनवरच्या भागाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. शेडमध्ये शिरताना फोन पेटीत, हा नियम तुझ्यासकट सगळ्यांना.

पैशाचं थोडक्यात. उद्यम नोंदणी असेल तर 2006 च्या कायद्याने 45 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे; पर्चेस ऑर्डरवर उद्यमचा क्रमांक छापून घे आणि बिलं ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या मंचावर चढव. आयडेक्स या संरक्षण खात्याच्या नवकल्पना योजनेतून दीड कोटीपर्यंत अनुदान मिळू शकतं, पण तेवढीच स्वतःची भर लागते आणि हाती नवी कल्पना लागते. नुसतं जॉबवर्क त्यात बसत नाही. भागीदारी कोणी देऊ केली तर टूलिंग कुणाच्या मालकीचं, प्रक्रियेत तू केलेली सुधारणा कुणाची, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस. आणि एकाच गिऱ्हाइकावर घर चालवू नकोस. तिरुचीजवळ तुवाकुडीला बॉयलरच्या कामावर उभी राहिलेली फॅब्रिकेशन युनिट्स बघ. औष्णिक वीजप्रकल्पांच्या मागण्या आटल्या आणि चांगल्या हातांची माणसं रिकामी बसली. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

परदेशी भागीदाराच्या दारात जायच्या आधी घरच्या दारात जा. तिरुचीत रायफलींचा कारखाना आहे, आणि टंगस्टनच्या मिश्रधातूचे रणगाडाभेदी गाभे करणारा हॅप कारखाना आहे. तो आता पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाखाली चालतो. आजवर आयात होणाऱ्या, आता इथेच करून हव्या असलेल्या वस्तूंच्या याद्या संरक्षण खात्याच्या सृजन पोर्टलवर असतात. या आठवड्यात बसून त्या वाच, तुझ्या मशीनवर होईल असा एकच भाग निवड, आणि त्याचा पहिला नग कागदपत्रांसह माझ्या टेबलावर आण. मी तपासून देईन.