कुत्र्यावरील गोचिडी : शेतातील औषध नको, पशुवैद्यकांचा सल्ला हवा

भिलाईजवळील अहिवारा हा भातशेतीचा परिसर. पावसाळ्यात इथल्या घराघरांत खोडकिडीसाठी आणलेले कीटकनाशक शिल्लक असते आणि दारातल्या कुत्र्याच्या कानांत गोचिडी दिसू लागतात. साहजिकच प्रश्न येतो, ‘तेच औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला लावले तर?’ कीटकशास्त्राची अभ्यासक या नात्याने माझे उत्तर स्पष्ट आहे : लावू नये.

शेतातील औषध घातक का?

पिकावरील कीटकनाशकाची नोंदणी विशिष्ट पीक व किडीपुरती असते. कुत्र्याच्या त्वचेसाठी त्याची मात्रा ठरवलेली नसते. शिवाय कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे विष त्वचेतून आणि तोंडातूनही शरीरात जाते. क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विषाने लाळ गळणे, उलटी, जुलाब, बाहुल्या आकुंचन पावणे, स्नायू थरथरणे व श्वास कोंडणे ही लक्षणे दिसतात. असे औषध चुकून लागल्यास हातमोजे घालून सौम्य साबणाने भरपूर पाण्यात अंग धुवावे आणि बाटली सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकांकडे जावे. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजरालाही लावू नये; तिला ते प्राणघातक ठरू शकते.

दिसते त्याहून अधिक घरात

गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळ्याच्या वर्गातील, प्रौढावस्थेत आठ पायांची जीव आहे. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड लार्वा, निम्फ व प्रौढ या तिन्ही अवस्थांत रक्त पिते आणि प्रत्येक वेळी पोट भरल्यावर खाली उतरते. मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्यावर उपचार करून भागत नाही. फटी बुजवाव्यात, अंथरूण गरम पाण्यात धुवावे, झोपण्याची जागा वरचेवर झाडावी.

गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ, संथपणे ओढावी व स्पिरिटमध्ये टाकावी. रॉकेल, तेल किंवा चटका वापरू नये. बोटांनी चिरडू नये. रोगजंतू काही तासांतच शरीरात जाऊ शकतात, म्हणून कान, मान, काख व बोटांमधील जागा रोज तपासावी.

पशुवैद्यकांकडे केव्हा?

चाव्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत एर्लिकिओसिस किंवा बॅबेसिओसिस हा आजार प्रकट होऊ शकतो. तोवर गोचीड गळून गेलेली असते, म्हणून ‘अंगावर एकही नाही’ हा दिलासा फसवा ठरतो. कुत्र्याचे सामान्य तापमान सुमारे ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते वाढलेले असेल, किंवा कुत्रा दिवसभर जेवत नसेल, सुस्त असेल, लंगडत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. हिरड्या फिकट पडणे, नाकातून रक्त येणे, पोटावर लाल ठिपके दिसणे, लघवी गडद होणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

घरातील पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नये. प्लेटलेट आधीच घटलेले असल्यास काही वेदनाशामके रक्तस्राव वाढवतात. रक्ततपासणीनंतर पशुवैद्यक योग्य औषध देतात. एर्लिकिओसिससाठी डॉक्सिसायक्लिन बहुधा चार आठवडे द्यावे लागते. ताप दोन-तीन दिवसांत उतरला तरी औषध मध्येच थांबवू नये. रोगजंतू शरीरात दडून राहिल्यास महिन्यांनी अस्थिमज्जा बाधित होऊ शकते.

जवळच्या पशुचिकित्सालयात आधी दाखवावे. गुंतागुंत असल्यास दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जाताना ताप केव्हा आला, गोचीड केव्हा दिसली आणि अंगावर कोणते औषध लावले, हे लिहून न्यावे. शेवटची बाब संकोचाने लपवू नये. निदानात ती सर्वांत मोलाची ठरू शकते.