मनाचा ताण आणि शरीराच्या तक्रारी : ओळख व उपाय



मृग कोरडा गेला, पेरलेले सोयाबीन करपू लागले आणि दुबार पेरणीचे बियाणे कोठून आणावे हा प्रश्न पडला, की परभणी जिल्ह्यात अनेक घरांतून तक्रार ऐकू येते : छातीत धडधडते, हातपाय कापतात, पोटात गोळा येतो, झोप लागत नाही. तपासणीत काही निघाले नाही, तर "मनाचे खेळ आहेत" असे म्हणून विषय सोडला जातो. हे योग्य नाही. ताण मनाचा असला तरी शरीराचा त्रास खरा असतो आणि तो कमी करता येतो.

असे का होते?

बांधावर अचानक साप दिसला, तर मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात येते. हृदय जोरात चालते, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू आवळतात, पचन मंदावते. ही पळण्याची किंवा सामना करण्याची तयारी असते. साप गेला की शरीर पूर्ववत होते. कर्जाचा हप्ता किंवा पावसाची ओढ मात्र महिनोन्महिने राहते. अशा वेळी शरीर जूवरून न सोडलेल्या बैलासारखे थकते.

आधी याची खात्री करा

प्रत्येक धडधड ताणामुळे नसते.

१) फवारणीनंतर खूप घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणे किंवा स्नायू फडफडणे ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे व औषधाच्या डब्यावरील लेबल घेऊन त्वरित दवाखाना गाठावा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये.

२) छातीत दडपण, हात किंवा जबड्यात कळ, धाप व थंड घाम असल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

३) उन्हात काम करताना अंग तापून बोलणे असंबद्ध झाल्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व दवाखान्यात हलवावे.

रक्तक्षय व थायरॉईडच्या विकारांतही धडधड होते. म्हणून पहिल्यांदा त्रास झाल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

शरीर सैल करण्याच्या पद्धती

१) लांब उच्छ्वास : बाजेवर किंवा जमिनीवर आरामात बसावे. एक हात पोटावर ठेवावा. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सावकाश सोडावा. श्वास घेताना पोट वर यावे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते. लक्षपूर्वक नाडी धरल्यास अनेकांना हे जाणवते. सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा मिनिटे करावे. श्वास कोंडू नये. चक्कर आल्यास थांबावे.

२) स्नायू आवळणे व सोडणे : ही पद्धत अमेरिकेतील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी मांडली, त्यांचे यावरील पुस्तक 1929 मध्ये निघाले. रात्री अंथरुणावर पडून प्रथम मुठी पाच अंक मोजेपर्यंत आवळाव्यात, मग एकदम सैल सोडून वीस अंक मोजावेत. याच क्रमाने दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या व पोटऱ्या घ्याव्यात. दुखऱ्या भागावर जोर देऊ नये.

३) काळजी वहीत उतरवणे : दिवस मावळताना वही घ्यावी. एका बाजूला आपल्या हातात नसलेल्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला उद्या करता येण्याजोगे एक काम लिहावे. ते घरातील माणसांशी बोलावे. लिहिता येत नसल्यास मुला-मुलींकडून लिहून घ्यावे.

४) पथ्य : तंबाखूने हृदयाची गती वाढते. दारूने लवकर गुंगी आली तरी झोप मोडते. सायंकाळनंतर चहा टाळावा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी.

पाऊस येण्याआधी चर काढावे लागतात, तसा हा सराव मन शांत असतानाच सुरू करावा. दोन-तीन आठवडे नियमित केल्यास घाबरल्या वेळी तो सहज आठवतो.

मदत केव्हा घ्यावी?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप व भूक उडाली, कामात मन लागेना, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलल्यास त्यास एकटे सोडू नये, शांतपणे ऐकून घ्यावे आणि कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. मराठीतही बोलता येते.

बंधूंनो, या उपायांनी कर्ज फिटणार नाही की पाऊस पडणार नाही. परंतु छातीतील धडधड थांबली, रात्री झोप लागली, तर दुबार पेरणीचा निर्णय शांत डोक्याने घेता येईल. आज रात्रीच पाच मिनिटे काढून सुरुवात करा आणि घरातील सर्वांना ही पद्धत शिकवा.