दिवा लाव, पण डिपरला विझणारा

सोनू, तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. तुझ्या पोलोची काळी जाळी, मधे जीटीचा बिल्ला आणि त्याच्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी पट्टी. खोटं कशाला बोलू, छान दिसतंय. आईला मात्र इतक्यात दाखवू नकोस. पोरीनं जुनी गाडी घेतली ती घेतली, वर लाल घेतली, हे तिचं अजून संपलेलं नाही. तुझ्या भावोजींना दाखवला तर ते लगेच ‘किती वॅट, किती इंच’ यावर घसरले. त्यांच्या गॅरेजात गाडी लागली की मग कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून त्याआधी आपण दोघी बोलून घेऊ.

पहिलं हे सांग, तुला नक्की काय हवंय? लाइट बार या एकाच नावाखाली दुकानात दोन वेगळ्या वस्तू विकतात. एक शोभेची पट्टी. पाच-दहा वॅटची, गाडी लांबून ओळखू यावी एवढ्यासाठी. तिच्या उजेडात रस्ता दिसत नाही आणि तिचं ते कामही नाही. 2023 मध्ये आलेल्या नव्या हॅरियरच्या तोंडावर अशी आडवी पट्टी कंपनीनंच दिली आणि तेव्हापासून ज्याला त्याला ती आपल्या गाडीवर हवी झालीये. खरं तर ही हौस फार जुनी. 1982 मध्ये अमेरिकेत ‘नाइट रायडर’ ही मालिका सुरू झाली, तिच्यातल्या काळ्या स्पोर्ट्स कारच्या नाकात तांबडा दिवा इकडून तिकडे धावायचा. तसला तांबडा धावता दिवा हवा असेल तर आत्ताच सांगते, नाही मिळायचा. पुढच्या बाजूला तांबडा किंवा निळा दिवा हा तुझ्या-माझ्या गाडीचा विषयच नाही. 1 मे 2017 पासून तर मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही लाल दिवे उतरले.

दुसरी वस्तू म्हणजे खरा बार. वीस इंच लांब, एका ओळीत किंवा दोन ओळींत एलईडी, पाकिटावर 120 वॅट लिहिलेला. फोटोत पहिली वस्तू आहे, पण मेसेजमध्ये तू विचारलंयस दुसरीबद्दल: ‘घाटात किती लांबचं दिसेल?’ तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बिरवाडीहून रात्री अकराला शिफ्ट सुटते. एमआयडीसीतली वर्दळ पाच मिनिटांत पांगते आणि मग तू, तुझी गाडी आणि महामार्गावरचे ट्रेलर. भीती वाटते म्हणून हवाय ना तुला हा बार? वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मलाही वाटायची. आपल्या भागातल्या माणसाला पावसाळ्यातल्या रात्रीची भीती कुणी शिकवावी लागत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला, दोन एसट्या आणि आणखी एक गाडी माणसांसकट वाहून गेल्या. पुलाजवळच्या गॅरेजातल्या माणसांच्या ध्यानात आलं, ते रस्त्यावर धावले आणि मागून येणाऱ्या गाड्या त्यांनी अडवल्या. पुढच्या जूनपर्यंत नवा पूल उभा राहिला, आता आपण त्यावरून गप्पा मारत जातो. पण मुसळधार पावसात त्या जागी आलं की माझा पाय अजून आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो.

मात्र या भीतीवर बार हे औषध नाही, आणि का नाही तेही सांगते. पाऊस जोराचा असला की पांढराफटक उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. दिवा जितका तेज तितका पावसाचा पडदा जाड. धुक्यात तर विचारूच नकोस. आंबेनळी घाटात कापडे सोडून वर चढायला लागलीस आणि वाडा कुंभरोशीच्या आसपास ढग रस्त्यावर उतरले की अप्पर लावून बघ एकदा, बॉनेटच्या पुढे चुन्याची भिंत उभी राहील. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक कण, ते प्रकाश मागे फेकतात. दिवा डोळ्यांच्या रेषेच्या जितका जवळ, तितका तो परतलेला उजेड जास्त टोचतो. म्हणून फॉग लॅम्प बंपरच्या तळाशी असतात. त्यांचा झोत रुंद आणि वरून कापलेला असतो, रस्त्याच्या कडा आणि पांढरा पट्टा तेवढा दाखवतो. बाराचा झोत असा कापलेला नसतो, तो वर-खाली, झाडांत, आभाळात सगळीकडे सांडतो.

पिवळ्या दिव्याचं काय, असं तू विचारशीलच. फ्रान्समध्ये 1936 पासून 1993 पर्यंत गाड्यांना पिवळेच हेडलाइट सक्तीचे होते. पिवळा धुकं भेदतो असं गॅरेजात सगळे सांगतात. भेदत-बिदत काही नाही. निळसर पांढऱ्यापेक्षा तो डोळ्यांना कमी बोचतो, एवढाच त्याचा गुण, आणि पावसाळी रात्री तेवढाही पुष्कळ. फॉग लॅम्पमध्ये 3000 केल्विनचे पिवळे बल्ब घेतलेस तर मी अडवणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार कधी सांगणार नाही. घाटात रस्ता समोर नसतोच! वळणावर गाडीचं नाक दरीकडे असतं आणि रस्ता उजवीकडे किंवा डावीकडे वळून गेलेला असतो. जाळीतला बार नाकाच्या दिशेनंच बघणार. म्हणजे तू दरीपलीकडचा डोंगर लख्ख उजळवणार आणि चाकापाशी बसलेली गाय अंधारातच. लांब झोताचे ते दिवे रॅलीच्या गाड्यांवरून लोकांच्या डोक्यात आलेत. तिथे बॉनेटवर चार-चार दिवे लावून रात्री धावतात, कारण त्या टप्प्यापुरता रस्ता बंद केलेला असतो. समोरून कुणी येतच नाही. आंबेनळीत मात्र समोरून येतात: एसटी येते, दुधाची गाडी येते, महाबळेश्वरहून उतरणारे, घाटाची सवय नसलेले पर्यटक येतात. वाडीवरचा एखादा म्हातारा हातात विजेरी घेऊन कडेनं चालत असतो.

त्या समोरच्याचं जरा बघ. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांत झोत गेला की पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात, उतारवयात त्याहून जास्त. ताशी 60 नं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे 50 मीटर, आणि घाटात 50 मीटरमध्ये एक अख्खं वळण बसतं. चढावर तर आपली गाडी नाक वर करूनच चालते, साधा डिपरसुद्धा समोरच्याच्या तोंडावर जातो. आंधळा झालेला तो ड्रायव्हर कुणाच्या अंगावर येणार? तुझ्याच. महामार्गावर मधे दुभाजक तरी आहे, कशेडीला आता बोगदाही आहे. आंबेनळीत आणि वरंध्यात तुमच्या दोघांच्या मधे काहीच नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुला त्याचा कंटाळा येतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 111 वा नियम आहे: पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट परवानगीशिवाय लावायचा नाही, आणि परवानगीही अपवादानंच. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत असा निकाल दिला. त्याच वर्षी कायदा बदलला, आणि परवानगीत न बसणारा बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘सगळेच लावतात’ हे उत्तर पेणच्या आरटीओत चालत नाही. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवायचा. उद्या वायर जळून गाडी पेटली तर पहिला प्रश्न येतो तो हाच, की ही जास्तीची वायर कुणी ओढली?

म्हणून माझं मत असं. रस्ता दिसण्यासाठी आधी आहेत ते दिवे सुधार. तुझ्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात, मी पाहिल्यात. त्या काच नसून पॉलिकार्बोनेट असतात, उन्हानं वरचा थर जातो. पॉलिश कर, नाहीतर नव्या घाल. पुढची काच आतून पूस, तिच्यावर बसलेला तेलकट थर रात्री समोरचा प्रत्येक दिवा फाकवतो. स्टिअरिंगशेजारी दिवे वर-खाली करायची चाकी आहे, ती कधी फिरवलीयस? मागे माणसं बसली की झोत वर जातो, तेव्हा ती फिरवायची असते. एवढं केलंस तरी तुला वेगळीच गाडी चालवल्यासारखं वाटेल, आणि खर्च बाराच्या निम्माही नाही.

शोभेची पट्टी मात्र लाव. तुझी हौस मला मोडायची नाहीये. चाकणला पोलो बनायची 2022 मध्ये बंद झाली, जीटी तर आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, मग ती जरा नटली तर काय बिघडलं? फक्त नीट लाव. आणि इथे मी गॅरेजाच्या गल्ल्यावर बसून जे पाहिलंय ते सगळं सांगणार आहे, भावोजींसमोर म्हणू नकोस.

पट्टी जाळीच्या प्लॅस्टिकला चिकटवू नको. दुहेरी टेप पहिल्या पावसात सोडतो आणि पट्टी वायरीला लोंबकळत येते. बंपरच्या आत लोखंडी आडवी पट्टी असते, तिला छोटा ब्रॅकेट, मधे रबर, स्टेनलेस बोल्ट आणि नायलॉनच्या कड्याचा नट. महामार्गाच्या खड्ड्यांत साधा नट महिनाभरही दम धरत नाही. जाळीच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर असतो, त्यांची हवा अडेल इतकी रुंद पट्टी नको. मे महिन्यात एसी लावून घाट चढताना तापमानाचा काटा तुला त्याची आठवण करून देईल.

वायरिंगवर तर अजिबात तडजोड नको. हेडलाइटच्या वायरीचं आवरण सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप, ही पद्धत कुणी सुचवली तर चावी घेऊन तिथून नीघ. तुझ्या गाडीचा संगणक त्या वायरीतला करंट मोजत असतो, त्यात भागीदार आला की डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचा इशारा लागतो. शोभेच्या पट्टीला फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप लावून वेगळी लाइन घे. किल्ली बंद केली की ती बंद व्हायला हवी, नाहीतर रात्रभर जळून सकाळी बॅटरी उतरलेली.

आणि एवढं ऐकूनही कधी परवानगी काढून मोठा दिवा लावायची वेळ आलीच, तर हिशोब शिकून ठेव. वॅटला बारानं भागलं की अँपिअर. 72 वॅट म्हणजे 6 अँपिअर, 10 चा फ्यूज. 120 वॅट म्हणजे 10 अँपिअर, 15 चा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, दिव्याजवळ नव्हे, कारण वायर मधे कुठेही घासून बॉडीला लागू शकते. मोठा करंट डॅशबोर्डच्या बटणातून जाऊ द्यायचा नाही, मधे रिले हवाच. रिलेवर आकडे असतात: 30 ला फ्यूजमधून बॅटरी, 87 ला दिवा, 85 आणि 86 ही आतल्या कॉइलची टोकं. त्यातलं एक बॉडीला आणि दुसरं अप्परच्या लाइनवरून, म्हणजे तू डिपर मारलास की मोठा दिवा आपोआप विझला पाहिजे. वेगळं बटण ठेवलं की माणूस विसरतो. पाकिटावरच्या वॅटवरही विश्वास ठेवू नको. भावोजींकडे क्लॅम्प मीटर आहे. 120 वॅटचा म्हणून आलेला बार मीटरवर 3 अँपिअर दाखवताना मी पाहिलाय, म्हणजे जेमतेम 36 वॅट.

पाकिटावर आयपी 67 असंही लिहिलेलं असतं. अर्थ एवढाच, की धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर स्वच्छ, स्थिर पाण्यात अर्धा तास टिकेल. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याबद्दल तो आकडा काही बोलत नाही, जुलै 2021 मध्ये महाडच्या बाजारपेठेत जे गाळाचं पाणी शिरलं त्याबद्दल तर नाहीच. दिव्यापेक्षा आधी कपलर हिरवा पडतो. त्यात सिलिकॉन ग्रीस भर आणि कपलरचं तोंड खाली ठेव.

लोकांचं म्हणशील तर लोक बोलणारच. मुलगी रात्री एकटी गाडी चालवते याचंच अर्ध्या आळीला पचलेलं नाही, त्यात गाडीला चकाकती पट्टी. मी तुला काय सांगू, पोलादपूरच्या स्टँडवर ती पट्टी बघून मान वळवणाऱ्यांतले निम्मे आठवडाभरात भावोजींकडे दर विचारायला येतील. भीतीचं वेगळं. शिफ्ट सुटली की मला मिस्ड कॉल दे, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नको, आणि कुणी मागे चिकटलंय असं वाटलं तर उजेड असलेल्या पेट्रोल पंपावर गाडी घाल. एकटीनं आंबेनळीत रात्रीची जायची सध्या काही गरज नाही. महाबळेश्वर सकाळीही तिथेच असतं.

रविवारी ये, पण अंधार पडल्यावर. दिव्याचं काम दिवसा कळत नाही. 106 वा नियम म्हणतो की डिपरवर असताना गाडीपुढे 8 मीटरवर, उजव्या बाजूपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिपायला होता कामा नये. दीड मीटर म्हणजे जवळपास माझ्याच डोळ्यांची उंची. गॅरेजामागच्या सपाटीवर मी तिथे उभी राहते, तू आत बसून डिपर आणि पट्टी दोन्ही लाव. मी हात वर केला की भावोजी पाना घेऊन झोत खाली करतील. येताना विम्याच्या कागदांची झेरॉक्स आण, आणि जाळीचं माप काढून ठेव, टोकापासून टोकापर्यंत नव्हे, आतल्या बाजूनं.