मिश्रीची सवय आणि पेशीतील दुरुस्ती

तंबाखू लोखंडी तव्यावर काळीभोर होईतो भाजावी, कुटून बारीक करावी आणि सकाळी उठल्याबरोबर बोटावर घेऊन हिरड्यांना चोळावी, हा क्रम महाराष्ट्रातील कितीतरी स्त्रियांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, ‘तंबाखू खाता काय?’ या प्रश्नाला त्या निःशंकपणे ‘नाही’ म्हणतात. म्हणून या भाजलेल्या तंबाखूची, म्हणजे मिश्रीची, चौकशी आम्हांला निराळी करावी लागते. भाजल्याने तंबाखूचे विष जळून जाते, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे.

तंबाखूची पाने वाळवताना व मुरवताना निकोटिनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसामाइने बनतात. त्यांपैकी एनएनके हे द्रव्य शरीरात शिरले म्हणजे, एरवी परक्या पदार्थांचा निचरा करण्यास झटणारी आपलीच विकरे त्याचे विघटन करतात, आणि त्यातून सुटलेला मिथिल गट, म्हणजे अल्किल कुळातील सर्वांत लहान घटक, डीएनएतील ग्वानिनच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. सायटोसिनशी जोडी जमवणारे ग्वानिन मग थायमिनशी जोडी जमवू लागते. पेशीच्या विभाजनकाळी डीएनएच्या या मूळ दप्तराची जी नक्कल उतरते, तीत ती चूक कायम होते, आणि पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकातच ती पडली, तर कर्करोगाचा पाया घातला जातो.

दुरुस्तीची तजवीज निसर्गाने केलेली आहे. एमजीएमटी नावाचे प्रथिन तो मिथिल गट ग्वानिनवरून उचलून स्वतःवर घेते, परंतु एक गट उचलला की ते कायमचे निकामी होते व पेशीला नवे घडवावे लागते. दिवसातून चार-चार वेळा मिश्री लावणारीच्या तोंडात या दुरुस्तीला उसंत कोठून मिळावी? उलट, ज्या दिवशी मिश्री सुटते, त्या दिवसापासून तिच्यामुळे होणाऱ्या नव्या इजांचा ओघ आटू लागतो. तेव्हा साठीच्या आजीबाईंनीही ‘आता सोडून काय उपयोग’ असे म्हणू नये.

मिश्रीवाचून शौचास साफ होत नाही, डोके जड होते, चिडचिड होते, या तक्रारी खऱ्या आहेत. पण ती निकोटिनची ओढ असून काही आठवड्यांत ओसरते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. गरोदर स्त्रीने तर मिश्री तत्काळ बंद करावी, कारण निकोटिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. दाढ दुखते म्हणून मिश्री दाबणाऱ्यांनी दाढ दंतवैद्यास दाखवावी. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास, वेदना नसली तरी, तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासण्यास सांगितले तर नकार देऊ नये, कारण त्याने रोग पसरतो ही भीती खरी नव्हे.